सॉल्सबरीत थाळनेर

‘सॉरी’ म्हणाले ते. पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ, चर्चमध्ये बिनपगारी वाट दाखवायचं काम करणारे. मनापासून म्हणाले, डोळ्यांत बघून म्हणाले. त्या ‘सॉरी’चा मला अजून राग येतो.

लेक-जावई साउदॅम्प्टनला असतात. गेल्या वर्षी ऑगस्टअखेर त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. विसा, विमान, बॅगेतली कळण्याची पिठं आणि काळा मसाला हे सगळं घरोघरी झालेलं आहे, ते सांगत बसत नाही. शनिवारी लेक म्हणाली, “आई, सॉल्सबरीला जाऊ. कॅथीड्रलचं जुनं गाव आहे, तुला आवडेल.” गाडीने अर्ध्या-पाऊण तासाची वाट. खिडकीतून गहू कापून मोकळी झालेली शेतं दिसत होती, पेंढ्याचे गोल भारे बांधून ठेवलेले. आमच्याकडे त्याच दिवसांत कपाशीला पाती-फुलं धरतात आणि पोळ्याची गडबड असते.

एक सांगते, आपली माणसं तिकडे गेली की सकाळी लंडनहून बसने निघतात, स्टोनहेंजला फोटो काढतात आणि सॉल्सबरीत तासभर उतरून परततात. तसं करू नका. एक दिवस पुरा ठेवा. शनिवार असेल तर चौकात बाजार भरतो, तोही बघा.

कॅथीड्रल १२२० साली बांधायला घेतलं आणि मुख्य इमारत ३८ वर्षांत उभी केली. कळस नंतरचा. १२३ मीटर, सगळ्या ब्रिटनमध्ये सर्वांत उंच. हे सगळं ओझं ज्यावर उभं आहे तो पाया जेमतेम चार फूट खोल! खाली वाळू-गोट्यांचा थर आणि त्यात पाणी, कारण नदी बाजूलाच. त्या गृहस्थांनी फरशीतलं झाकण उचललं, लांब काठी आत सोडली आणि ओली झालेली काठी आम्हाला दाखवली. असं पाणी मोजत असतात म्हणे. कळसाच्या भाराने आतले संगमरवरी खांब वाकलेत, ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. इतकी शतकं ही माणसं त्या वाकलेल्या खांबांवर नजर ठेवून आहेत. मला फार कौतुक वाटलं, आणि ते कौतुक आजही कमी झालेलं नाही.

पुढे एक लोखंडी घड्याळ आहे, १३८६ चं मानतात. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत, फक्त तासाचे ठोके. तिथे मला माहेर आठवलं. माझं माहेर थाळनेर, शिरपूर तालुका, तापीकाठ. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने थाळनेर आणि करवंद मलिक राजा फारूकीला दिलं. खानदेशची पहिली राजधानी ती. हे घड्याळ झालं तेव्हा मलिक राजा थाळनेरला राज्य करत होता. त्याची कबर अजून आहे. हे मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “तुला कुठेही थाळनेरच दिसतं.” दिसतं, खरं आहे.

मग चॅप्टर हाउसमध्ये गेलो. आठ बाजूंची दगडी खोली, मधोमध एकच खांब, आणि एका बाजूला अंधारात मॅग्ना कार्टा. इंग्लंडच्या जॉन राजाने १२१५ साली सरदारांना लिहून दिलेली सनद. त्या वेळच्या मूळ प्रतींपैकी चारच उरल्यात, त्यांतली ही एक. मेंढीच्या कातड्यावर दाट बारीक लॅटिन अक्षरं. २०१८ मध्ये एकाने हातोड्याने काच फोडायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे बंदोबस्त असतो. तेच गृहस्थ तिथे उभे होते. त्यांनी एकोणचाळिसावं कलम समजावून सांगितलं: स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या न्यायनिवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडायचं नाही, कोंडायचं नाही, देशोधडीला लावायचं नाही, त्याचा नाश करायचा नाही. आपल्या राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचं मूळ शोधत गेलं तर लोक इथवर येतात.

लोक माना डोलावत होते. माझ्या छातीत मात्र काहीतरी अडकलं, कारण मला तुळशीराम मामा आठवला.

तुळशीराम मामा हा थाळनेरचा किल्लेदार, होळकरांचा. त्याची हकीकत मी शाळेत शिकले नाही. पानिपत शिकले, सत्तावन शिकले, पण ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी लहानाची मोठी झाले तिथलं मला मोठेपणी, धुळ्याला आल्यावर, १८८० च्या खानदेश गॅझेटियरात वाचायला मिळालं.

महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांना गेला. सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन सेंधव्याच्या घाटाने उतरला आणि २७ फेब्रुवारीला थाळनेरसमोर आला. किल्ल्याची एक बाजू तापीतून उठलेली, आणि आत जायला एकच वाट, एकामागे एक पाच दरवाजे. किल्लेदाराला निरोप गेला की किल्ला दे, नाही दिलास तर बंडखोर समजू. किल्ल्यातून गोळीबार झाला. इंग्रजांनी तोफा लावल्या आणि बाहेरचे दरवाजे घेतले.

आता इथे नीट लक्ष द्या. तिसऱ्या दरवाज्याशी दिंडीतून तुळशीराम मामा स्वतः बाहेर आला आणि इंग्रजांच्या स्वाधीन झाला. म्हणजे तो त्यांच्या हातात होता. त्यानंतर फौज पुढे सरकली. पाचव्या दरवाज्याशी आतल्या शिबंदीशी बोलणी झाली, दिंडी उघडली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मोजके शिपाई घेऊन आत शिरले. तिथे काय झालं? एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, शरणागतीच्या अटी ठरल्या की नाही हेही कोणाला उमगलं नाही, हत्यारं मागितली गेली असतील, कोणी हात टाकला असेल. झटापट झाली आणि दोन्ही अधिकारी मारले गेले. मागून फौज घुसली आणि जवळजवळ तीनशे माणसांची अख्खी शिबंदी कापून काढली. त्याच दिवशी तुळशीराम मामाला किल्ल्याच्या बुरुजावर फाशी दिली.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलंय. पाचव्या दरवाज्याशी मारामारी झाली तेव्हा मामा आत नव्हता. त्याने हुकूम दिला असणं शक्य नव्हतं. आधी गोळीबार केला म्हणून दोषी म्हणाल, तर गोळीबार करणारा शरण आला होता आणि ताब्यात होता. चौकशी करायला एक रात्र लागली असती. होळकरांकडे माणूस पाठवून विचारता आलं असतं की याला तहाचं पत्र मिळालं होतं का. दहा दिवस कोंडून ठेवता आलं असतं. पण संध्याकाळच्या आत माणूस लटकवला. आणि ज्यांनी लटकवला त्यांच्या देशात त्या वेळी ही सनद सहाशे वर्षांची जुनी होती.

मी त्या गृहस्थांना विचारलं, “यातला स्वतंत्र माणूस म्हणजे कोण?” त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, “फार थोडे लोक. शेतावर बांधलेली कुळं यात धरलीच नव्हती.” मग मी मोडक्या इंग्रजीत थाळनेर सांगितलं. अडलं तिथे लेकीने पुरं केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नदीचं नाव विचारलं, थाळनेरचं स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून घेतलं. आणि म्हणाले, “सॉरी.”

बाहेर हिरवळीवर आलो. कळसाकडे माना वर करून लोक फोटो काढत होते. लेक मला रागावली. “आई, ते बिचारे काय करणार? त्यांचा काय संबंध?” तिचं बरोबर होतं. पण तीनशे एक माणसांच्या मागे एक शब्द येतो आणि तो इतका सहज येतो, हे मला सोसलं नाही. आता त्यांनी काही न म्हणता पाठ फिरवली असती तर मी इथे त्यावरही पानभर लिहिलं असतं, हेही तितकंच खरं.

दुपारी बसने ओल्ड सॅरमला गेलो. टेकाडावरची जुनी वस्ती, पूर्वीचं कॅथीड्रल तिथेच होतं. लोक खाली नदीकाठी उतरले आणि वरती नुसती मातीची तटबंदी राहिली. तरी १८३२ पर्यंत हे ओसाड टेकाड पार्लमेंटवर दोन सभासद पाठवत होतं! सतराव्या शतकाच्या अखेरीस ते विकत घेणारा थॉमस पिट हिंदुस्थानच्या व्यापारात पैसा केलेला होता, पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. माणसं नसलेल्या टेकाडाला दोन सभासद आणि माणसांनी भरलेल्या खानदेशाला एकही नाही. तिथल्या वाळक्या गवतावर बसून मी हे मोठ्याने बोलले. जावई हसले नाहीत, ऐकत राहिले. चांगला मुलगा आहे.

पण त्याच पार्लमेंटबद्दल मला आणखी एक ठाऊक आहे, आणि ते लपवून लिहिलं तर अन्याय होईल. १८१९ मध्ये तिथे या मोहिमेतल्या फौजेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरचा विषय निघाला. हिस्लॉपचे आभार मानताना थाळनेरच्या प्रकाराला मात्र संमती दिली नाही, तेवढा भाग वेगळा काढून ठेवला. सात समुद्रांपलीकडे, वर्षभराने, एका किल्लेदाराच्या फाशीवरून बोलणारी माणसं तिथे उभी राहिली. असं आपल्याकडे किती वेळा झालं, सांगा. हे आठवलं की माझा राग निम्मा उतरतो. मग आठवतं की हिस्लॉपचा मान कमी झाला नाही, तो १८४३ पर्यंत जगला, आणि राग पुन्हा चढतो. हे म्हणतात, “निदान कागदावर तरी आलं ना?” एका दिवशी मला ते पटतं, दुसऱ्या दिवशी पटत नाही.

माझी भाची थाळनेरलाच राहते. तिच्या मुलाला मी फोनवर पाच दरवाज्यांची हकीकत सांगितली. त्याने विचारलं, “मावशीआजी, मामा कोनाले सांगीसन बाहेर वना व्हता?” अजून त्याला उत्तर देता आलेलं नाही.

लेक पुन्हा बोलावते आहे. ह्यांना यॉर्क बघायचंय. मी म्हटलं, यॉर्कला जाऊच, पण आधी मला लंडनला १८१९ च्या त्या चर्चेची पानं बघायची आहेत. तिथे तुळशीराम हे नाव आहे, की नुसतं ‘किल्लेदार’ लिहून मोकळे झाले, एवढं मला बघायचंय.