पटवायचे, पण पुराव्याइतकेच

आभासी परिषदेचा आग्रह धरणाऱ्यांच्या तोंडी प्रदूषणाचा आकडा हमखास असतो. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या २०१९ च्या अधिवेशनाला २८ हजारांवर लोक आले आणि त्यांच्या प्रवासातून सुमारे ८० हजार टन कर्बवायू हवेत गेला, असा हिशेब पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये मांडला गेला. आकडा खरा आहे. पण गाझियाबादच्या एखाद्या महाविद्यालयातल्या चर्चासत्रासाठी तो पुढे करणे मला गैर वाटते. मेट्रोने किंवा नमो भारत रेल्वेने तिथल्या साहिबाबादला उतरणाऱ्या प्राध्यापकाचा त्या विमानप्रवासाशी काय संबंध? खऱ्या आकड्यानेही ऐकणाऱ्याची दिशाभूल करता येते. ती न करण्याचे पथ्य परिषदा भरवणाऱ्याने आधी पाळावे.

इथला खरा मुद्दा कोणाला येता येते, हा आहे. नांदेडच्या संशोधक विद्यार्थ्याला गाझियाबाद गाठायचे तर तिकीट, मुक्काम, नोंदणी शुल्क यांची तजवीज करावी लागते, शिवाय डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात त्या वेगळ्याच. तान्हे मूल घरी असलेल्या संशोधिकेला तर तेवढेही शक्य नसते. २०२२ चे जागतिक गणित अधिवेशन सेंट पीटर्सबर्गला व्हायचे होते. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर ते ऑनलाइन झाले आणि व्याख्याने विनाशुल्क खुली झाली. हे दार पुन्हा लावून घेण्याचे समर्थन कठीण आहे.

चहाच्या वेळी जुळते ते पडद्यावर जुळत नाही, हा आक्षेप मात्र झटकून टाकू नये. ब्रक्स आणि लेवाव या संशोधकांच्या २०२२ च्या प्रयोगांत व्हिडिओवर बोलणाऱ्या जोड्यांना नव्या कल्पना कमी सुचल्या. सुचलेल्यांतून चांगली निवडण्यात त्या मागे पडल्या नाहीत. म्हणून निबंधवाचन आणि परीक्षण ऑनलाइन घ्यावे, नव्या प्रकल्पाची जुळवाजुळव समोरासमोर करावी. दुसरा आक्षेप असा, की कॅमेरा बंद ठेवून प्रमाणपत्र मिळवणारेही असतात. सही करून निघून जाणारे सभागृहातही असतात, हे त्यावरचे उत्तर नव्हे. प्रश्नोत्तरांत भाग घेणाऱ्यालाच प्रमाणपत्र देणे, हे उत्तर. जाहिरातही तितकीच खरी असावी: एका परदेशी वक्त्याच्या पंधरा मिनिटांच्या भाषणावर माहितीपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय’ छापू नये. ऑनलाइन परिषदेत काय मिळणार नाही, तेही त्यातच लिहावे. एवढे वाचूनही जो नाव नोंदवेल, त्यालाच आपण पटवले असे म्हणता येईल.