सांगकाम्या

यंत्राला मराठीत नाव द्यायची वेळ आली की आपण संस्कृताच्या दारी जाऊन उभे राहतो आणि असा काही शब्द घेऊन परततो की, तो उच्चारण्यापेक्षा यंत्र चालवणे सोपे! २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या मंडळींनी मात्र एक बारसे फार चांगले केले. लेखांतल्या दुरुस्त्या आपोआप करीत सुटणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे बॉटला, ते ‘सांगकाम्या’ म्हणतात. सांगितले तेवढेच करायचे. आणि सांगितले ते करायचेच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मीही एक सांगकाम्या बाळगला. हेतू निर्मळ होता. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला, तरी त्या विश्वकोशातल्या काही लेखांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’ ही पाहुणेमंडळी अजून मुक्काम ठोकून होती. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला हे पाहवत नाही. मी विकीच्या चावडीवर रीतसर विचारून होकार मिळवला. भाच्याने पायविकिबॉट नावाची तयार आज्ञावली संगणकावर बसवून दिली आणि म्हणाला, “मामा, आता फक्त लॉगिन करा.”

त्या ‘फक्त’मध्ये माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. सदस्यनाव किंवा परवलीचा शब्द चुकला आहे, एवढेच उत्तर येई. दोहोंतले काय चुकले, ते सांगायचे नाही! (चोराला अर्धी खबरही मिळू नये म्हणून हा कावा, हे पुढे कळले.) सांगकाम्याला मालकाची चावी द्यायची नसते, त्याच्यासाठी निराळा, बत्तीस अक्षरी परवलीचा शब्द विकी स्वतः घडवून देतो आणि तो एकदाच दाखवतो. माझे नाव, पुढे ‘अॅट’चे चिन्ह आणि त्यापुढे सांगकाम्याचे नाव, असे त्याचे जोडनाव होते. मी ते जोडनाव जिथे नुसते सांगकाम्याचे नाव हवे तिथे सबंध लिहून ठेवले होते. चावी दुसऱ्या घरी तरी लागते का पाहावे, म्हणून मी त्याच परिवारातल्या, जुनी पुस्तके जशीच्या तशी उतरवून ठेवणाऱ्या ग्रंथालयाचे नावही तिथे घालून पाहिले. शेवटी भाच्याने चष्मा वर करून वाचले.

“मामा, तुम्ही नाव दोनदा लिहिलंय.”

तो अडसर निघाला, तर पुढे दुसरा. ओळख पटली, पण परवानगी नाही! मला हिरकणीची आख्यायिका आठवली. रायगडाच्या पहारेकऱ्यांना ती रोज दूध घालणारी बाई का ओळखीची नव्हती? पण सूर्यास्तानंतर दार उघडण्याचा हुकूम नव्हता. ओळख वेगळी, अधिकार वेगळा. परवलीचा शब्द घडवताना कोणकोणते अधिकार द्यायचे, त्याच्या चौकटी समोर येतात. पाने वाचणे, असलेले पान संपादणे, नवे पान करणे, सुरक्षित पान संपादणे. मी ‘संपादणे’वर खूणच केली नव्हती. आता रागाच्या भरात दिसेल त्या चौकटीत खूण केली. एवढ्यावर थांबलो नाही. प्रत्येक बदलापूर्वी “करू का?” असे विचारण्याची सांगकाम्याची रीत आहे, “विचारू नकोस, करीत जा,” असेही सांगून टाकले. दोन दिवस दारात उभा राहिलेला माणूस आत शिरला की जोडे काढायचे विसरतो.

सांगकाम्या दर दहा सेकंदांनी एक पान असा शांतपणे चालू लागला. मी स्वयंपाकघरात चहा घ्यायला गेलो.

“लागलं का एकदाचं तुमचं दार?” सौभाग्यवतींनी विचारले.

मी विजयी मुद्रेने कप घेऊन परतलो, तो पडद्यावर एक ओळ: हे पान कुलूपबंद आहे, वगळतो. माझा पारा चढला. एवढ्या चौकटी भरूनही कुलूप? वास्तविक मी प्रचालक नाही. मालकाला नसलेला अधिकार सांगकाम्याला कुठून येणार! पण हे कुलूप घातले कोणी, हे पाहायला मी ते पान उघडले आणि हातातला कप तसाच राहिला. ते विश्वकोशातले पान नव्हतेच. एका जुन्या पुस्तकाचे, छापील प्रतीशी ताडून कायम केलेले पान होते ते. मघा चाचणीसाठी घातलेले ग्रंथालयाचे नाव मी काढलेच नव्हते.

आज्ञावली थांबवली, तोवर तेवीस पाने ‘शुद्ध’ झाली होती. त्या लेखकांच्या काळी ‘नांव’ म्हणजे ज्याने हाक मारायची ते, आणि ‘नाव’ म्हणजे नदीतली. माझ्या सांगकाम्याने दोन्ही एका काठाला बांधून टाकल्या होत्या. वर्गात हाच फरक मी दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो, हे इथे सांगायलाही लाज वाटते.

उलटा सांगकाम्या सोडून हे निस्तरता येईना, कारण सगळ्या ‘नावां’ना अनुस्वार दिला असता तर होड्याही हाका मारण्याजोग्या झाल्या असत्या. रात्री एक वाजेपर्यंत एकेक पान छापील प्रतीच्या चित्राशी ताडून हाताने परतवले. मग त्या ग्रंथालयाच्या चर्चेच्या पानावर नाव घालून कबुलीजबाब दिला, आणि झोपण्यापूर्वी चौकटींतल्या खुणा काढल्या, दोन ठेवल्या.

बावीस पाने पूर्ववत झाली. तेविसाव्यावर मात्र अडलो. तिथे छापील प्रतीतच ‘नाव’ होते, पैलतीराला लागलेली. आधी कोणीतरी चुकून तिच्यावर अनुस्वार चढवला होता. तेवढे एक पान सांगकाम्याने केले तसेच राहू दिले आहे.