नखाएवढा चुना

जन्मात मी कुणाला चुना लावला नाही. बँकेत छत्तीस वर्षे रोखपाली केली, पण संध्याकाळी एका पैशाची तफावत कधी निघाली नाही. हा लौकिक गेल्या वर्षी उन्हाळ्यात न्यू जर्सीला, चिरंजिवांच्या दिवाणखान्यात बुडाला. आणि तोही दोनशे लिटर पाण्यात!

तिथे काचेच्या टाकीत समुद्र आहे. मासे चारच, मान सगळा प्रवाळांचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण आहे. तिकडे मात्र टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे विकत मिळतात. त्यांतला एक माझ्या नातीचा. नखाएवढा तुकडा तिने दोन वर्षांत करंगळीएवढा केला होता.

मंडळी आठ दिवस प्रवासाला निघाली आणि टाकी आम्हां दोघांच्या स्वाधीन झाली. नातीने माझी शिकवणी घेतली. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटमधून बांधतो. समुद्रात कॅल्शियम दहा लाख भागांत सुमारे ४२० असते, क्षारता सात-आठ अंश. समुद्राला खर्च जाणवत नाही. टाकीची शिल्लक मात्र रोज घटते. कॅल्शियम २० भाग उतरेपर्यंत क्षारता जवळजवळ ३ अंश खाली येते, म्हणून तिच्यावर रोज नजर हवी. नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग पालटेपर्यंत मोजायचे. क्षारतेसाठी खायचा सोडा, कॅल्शियमसाठी वेगळे द्रावण. "आणि आजोबा, दोन्ही एकदम नाही हं!"

चौथ्या दिवशी क्षारता साडेसहा भरली. तफावत! ती मिटवल्याशिवाय झोप कशी यावी? शंभर लिटरला ३ ग्रॅम सोड्याने एक अंश चढतो, असे वहीत होते. दीड अंशाचा ९ ग्रॅम सोडा, तीन दिवसांत विभागून द्यायचा, तो मी एकदम ओतला, पाठोपाठ कॅल्शियमही. पाहता पाहता टाकीचे ताक झाले! प्रवाळाची वाट न बघता दोघांनी परस्पर चुनखडी केली होती. वाढवायला गेलो आणि दोन्ही खाती घटवून बसलो.

"अहो, पानालासुद्धा चुना नखाएवढाच घेतात!" ही म्हणाली.

चिरंजिवांना फोन केला. ते रागावले नाहीत, हेच मला अधिक लागले. म्हणाले, "बाबा, थोडं पाणी बदला. पाणी निवळलं की कपाटातल्या डब्यातला चुना घ्या. टाकीतलं जेवढं पाणी रोज उडून जातं, तेवढ्या गोड्या पाण्यात त्याची निवळी करा आणि रात्रभर थेंबथेंब सोडा. जहाल असते ती. पण कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही बरोबरीने देते. जर्मन लोक तिला काल्कवासर म्हणतात."

"इश्श, चुन्याची निवळी होय!" म्हणून हिने पदर खोचला.

नात परतली तेव्हा तिच्या प्रवाळाचे टोक पांढरेफटक पडले होते. मी सगळे कबूल केले. ती बराच वेळ काचेपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून आपण दोघं मिळून मोजू."

यंदा दसऱ्याला तिने फोटो पाठवला. पांढऱ्या टोकावर जिवंत रंग पुन्हा चढला आहे. खाली लिहिले होते : "क्षारता ८. वर्ष लागलं, आजोबा."

चष्मा पुसून मी तो फोटो दोनदा तपासला. तफावत सापडली नाही.