घुग्घुसच्या वाड्यातील दुनळी

वाचकहो, चंद्रपूरहून पडोलीच्या फाट्यावर वळून घुग्घुसचा रस्ता धरला, की पहिली ओळख होते ती धुळीची. कोळशाने भरलेल्या ट्रकांची रांग लागलेली असते. रस्त्याकाठच्या बाभळी, बोरी, अगदी कपाशीची बोंडेसुद्धा करड्या रंगाची दिसतात. इथे जमिनीखाली कोळसा आहे आणि चुनखडीही जवळच, म्हणून खाणी आल्या, सिमेंटचा कारखाना आला, लोखंडाचा आला. ताडाळीहून खास कोळशासाठी रेल्वेचा फाटा आला. सिमेंटनगर ही तर एक वेगळी वसाहतच झाली. पाहुण्याला वाटते, इथे शेती कोण करीत असेल?

पण गावाच्या पलीकडे जरा वर्धा नदीकडे चालत जा. काळीभोर जमीन, फुलावर आलेली तूर, वेचणीला आलेला कापूस, मध्येच जवसाचा निळा पट्टा. थोड्या अंतरावर वढा आहे. तिथे वर्धा आणि पैनगंगा भेटतात आणि कार्तिकात मोठी यात्रा भरते. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला वणी तालुका. खाणीच्या मातीचे डोंगर आणि तुरीचे शेत यांच्यात इथे एका बांधाचेच अंतर आहे. त्या मातीच्या डोंगरांवर झुडपे माजली आहेत आणि त्या झुडपांत रानडुकरे राहतात. दिवसा झोप, रात्री जेवण. जेवण अर्थातच आपल्या शेतातले.

मी गेलो होतो एक बंदूक पाहायला. शिकारीचा मला नाद नाही. पण जुन्या बंदुकीच्या नळीवर कोरलेली अक्षरे वाचण्याचा आहे. काही लोक जुनी नाणी जमवतात, काही अडकित्ते जमवतात. मी दुकानांची नावे जमवतो. बंदूक ज्याची त्याच्याकडेच राहते, मी वहीत नाव उतरवून घेतो. परवान्याचे लचांड नाही आणि घरात जागाही अडत नाही.

ज्यांच्याकडे गेलो ते बाबाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जुना मातीचा वाडा, पुढे पडवी, पडवीत कापसाचा ढीग. घरात एक मुलगा शेती पाहतो आणि नातू खाणीवर कंत्राटदाराकडे कामाला आहे. चहा झाल्यावर बाबाजींनी आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बंदूक बाहेर आणली आणि म्हणाले, "पाहा जी. माह्या आज्यानं घेतली. कोळशाच्या खाणीवरचा साहेब इलायतेले परत जात होता, तवा देल्ली त्यानं."

बारा बोराची दुनळी, बाहेरून घोडे असलेली. दस्ता अक्रोडाचा, हाताच्या घामाने काळा झालेला. "खाली आहे ना?" मी विचारले. बाबाजींनी काही न बोलता नळी मोडून दाखवली. वाचकहो, कितीही ओळखीचे घर असो, हे आधी विचारावे. त्यात कुणी राग मानीत नाही.

दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजी अक्षरे होती. भिंग लावून वाचली. आर्मी अँड नेव्ही कोऑपरेटिव्ह सोसायटी, व्हिक्टोरिया स्ट्रीट, लंडन. मला आनंद झाला, पण नातवाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "म्हणजे ही मिलिटरीची नाही का? आम्ही तर गावभर मिलिटरीची म्हणून सांगतो."

मिलिटरीची नाही. हे एका दुकानाचे नाव आहे. १८७१ साली लंडनमध्ये सैन्यातील व आरमारातील अधिकाऱ्यांनी आपल्याला माल स्वस्त मिळावा म्हणून ही सहकारी संस्था काढली. आपल्या तालुक्याची खरेदी-विक्री संघाची पेढी असते ना, तसाच प्रकार, फक्त साहेबांचा. मुरंब्याच्या बरणीपासून तंबूपर्यंत सगळे तिथे मिळे आणि जाडजूड यादीतून टपालाने मागवता येई. पुढे मुंबईतही त्यांनी दुकान काढले. काळा घोडा भागात त्यांची दगडी इमारत आजही उभी आहे. ही संस्था स्वतः बंदुका घडवीत नव्हती. त्यातल्या पुष्कळ बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने करून दिलेल्या असत. कारखान्याचे नाव कुठेच नसे. पट्टीवर दुकानाचे नाव कोरलेले असे.

तुम्हांला हे नवे वाटायला नको. गिरणी एक, पण धोतराच्या काठावर शिक्का पेठेतल्या व्यापाऱ्याचा, हे आपण पाहिलेलेच आहे. कलकत्त्याला मँटन, रॉडा, लायन अँड लायन, वॉल्टर लॉक अशा पेढ्या होत्या. त्यांच्या नावाच्या बंदुका देशभर जुन्या घरांत सापडतात आणि त्यांतल्याही कितीतरी घडल्या बर्मिंगहॅमला. यातल्या रॉडा कंपनीचे नाव आपल्या इतिहासातही आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांच्या मालाच्या गाड्यांतून बंगालच्या क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि शेहेचाळीस हजार काडतुसे पळवली होती.

अमेरिकेत तर ही गोष्ट थेट शेतकऱ्यांचीच आहे. सीअर्स रोबक आणि माँटगोमेरी वॉर्ड ही दोन मोठी दुकाने शेतकऱ्यांना टपालाने माल पाठवीत. एकाच यादीत नांगराचा फाळ, शिवणयंत्र, बायकांचे झगे आणि बंदूकही. सीअर्सने आपल्या बंदुकांना 'जे. सी. हिगिन्स' हे नाव दिले होते. हा हिगिन्स कोणी बंदूकवाला नव्हे, तर त्यांच्याच कचेरीत हिशेब लिहिणारा एक जुना नोकर! बंदुका करून देत हाय स्टँडर्डसारखे कारखाने. वॉर्डच्या बंदुकांवर 'वेस्टर्न फील्ड' असे नाव असे. कारखान्याच्या नावाची बंदूक महाग आणि तीच दुकानाच्या नावाने स्वस्त. म्हणून गरीब शेतकऱ्याच्या घरात दुकानाचीच असायची. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती रायफल टपालाने मागवलेली होती. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने बंदुकांची ही टपालविक्री बंद झाली. आज तिकडचे हौशी लोक या दुकानी बंदुका मुद्दाम शोधून जमवतात आणि कोणती कोणत्या कारखान्याची याच्या याद्या करतात. मोठ्या नावाची श्रीमंती त्यांना परवडत नाही आणि मला वाटते गंमतही त्यात कमीच असते.

हे सगळे मी सांगत होतो आणि नातवाचे लक्ष दुसरीकडेच होते. तो म्हणाला, "काका, ते जाऊ द्या. ही चालते का ते सांगा. बाबाजींच्या नावचा परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा आहे. तुरीत डुकरं रोज येतात. दोन बार काढले तरी आठ दिवस फिरकणार नाहीत."

तेव्हा मी नळ्या दस्त्यापासून सोडवायला सांगितल्या आणि उजेडात उलट्या धरल्या. बंदुकीचा खरा जन्मदाखला नळ्यांच्या पोटाखाली असतो. परीक्षागृहात जास्त दारू भरून नळी तपासली, की तिथे खुणा ठोकतात. बर्मिंगहॅमची खूण मुकुटाची, बेल्जममधल्या लिएजची लंबगोलात ई-एल-जी अक्षरे. या नळ्यांवर मुकुट होते. शिवाय शंकरपाळ्यासारख्या चौकटीत बाराचा आकडा आणि सी अक्षर होते. ही चौकट १८८७ नंतर आली. म्हणजे बंदूक त्याच्या आधीची नव्हे. बारा बोर म्हणजे काय, हेही सांगून टाकतो. नळीत बरोबर मावेल अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा.

मी शोधत होतो ती खूण मात्र नव्हती. नव्या, बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या त्या काळच्या नळीवर 'नायट्रो प्रूफ' असे लिहिलेले असते. इथे ते कुठेच नव्हते. आणि नळीवर पाण्याच्या लाटांसारखी, किंवा लाकडाच्या रेषांसारखी, नक्षी होती. दिसायला फार सुंदर. घरच्यांना ती शोभेची वाटे. खरे म्हणजे ती घडणीची पद्धत आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, एका गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून सांधतात. अशी नळी काळ्या दारूसाठी घडवलेली. काळी दारू जळते, धूर करते आणि ढकलते. आजच्या काडतुसातील दारूचा जोर वेगळा असतो. सव्वाशे वर्षांच्या सांध्यात आतून कुठे गंज बसला आहे ते डोळ्यांना दिसत नाही. फुटली तर ती डाव्या हाताजवळ फुटते.

"बाबाजी, तुम्ही कोणती काडतुसे वापरलीत?"

"दुकानात भेटत ते. लाल पुठ्ठ्याचे, मग पलास्टिकचे. पन्नास वर्सात इस-पंचवीस बार काढले असन. काई झालं नाई जी."

"नशीब," मी म्हणालो. दुसरा शब्द मला सुचला नाही. मुलाने आईच्या फोटोकडे पाहिले आणि नातू नळीकडे पाहात राहिला.

मला माझ्या घरचीही गोष्ट आठवली. आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, टोपी लावून उडवायची. आजोबा गेले आणि घरात कुणी कचेरीत गेलेच नाही. गंजली आहे, कोण विचारतो, असे म्हणून ती माळ्यावर ठेवली. तीन वर्षांनी चौकशी आली तेव्हा वडिलांना जामीन द्यावा लागला आणि बंदूक गेली ती गेलीच. दोष आमचाच होता. गंजली म्हणजे सुटली, असे कायदा म्हणत नाही. दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशीच जुनी बंदूक १९५९ च्या शस्त्र कायद्यातून मोकळी आहे. परवानाधारक वारला, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि मग वारसाने अर्ज करायचा.

बाबाजींना तर मरणाची वाट पाहायचीही गरज नव्हती. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडे बंदूक पंचवीस वर्षे राहिली, की तो आपल्या हयातीतच वारसाचे नाव देऊ शकतो. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते आणि नव्या परवानाधारकाला शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. तुमच्या घरात अशी बंदूक असेल तर घरातल्या म्हाताऱ्याशी हे आजच बोला. विषय अवघड वाटतो, पण माझ्या वडिलांना जामीन देताना जितका वाटला तितका नाही.

आणि डुकराचे म्हणाल, तर पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय कायद्यात आहे हे खरे. पण परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर रानडुक्कर किंवा रोही मारायचा तर वन खात्याची लेखी परवानगी हवी. ताडोब्याचे पट्टेदार आता खाणींच्या झुडपांपर्यंत येतात. रात्री अंधारात हललेली तूर डुकराने हलवली की आणखी कुणी, हे बंदुकीला कळत नाही. नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागावी हा सरळ मार्ग. तो किती संथ आहे हे तुम्हांला मी सांगायला नको.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उडवायची नाही, तर परवाना कशाला? दरवेळी निवडणूक आली की ठाण्यात नेऊन द्या, परत आणा."

प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिले नाही, कारण घर त्यांचे होते. बाबाजींनी नळ्या पुन्हा जोडल्या. वाटीत घरचे जवसाचे तेल होते, त्यात चिंधी बुडवून ते दस्ता पुसू लागले. दस्त्याला हे तेल उत्तम. नळीला मात्र खोबरेल किंवा जवस लावू नका, ते चिकटून बसते. बंदुकीचे पातळ तेल मिळते तेच लावा. नळीची नक्षी उठून दिसावी म्हणून कानशीने किंवा काचकागदाने घासू नका. आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते. बाबाजींचे जुने लुगडे त्यापेक्षा बरे.

पुसता पुसता ते म्हणाले, "माह्या आज्यानं हिच्यासाठी एक बैल इकला होता. आजीनं सा महिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं." मग जरा थांबून, "पोट्ट्या, सोमवारी चांद्याले जाऊ. कलेक्टर कचेरीत. तुह्या बापाची सही घेऊन ठेव. काडतुसं मात्र मी दुकानात वापस देतो."

"वापस घेतात?" नातवाने माझ्याकडे पाहिले.

मी म्हटले, परवाना असलेल्या विक्रेत्याकडेच द्या आणि पावती घ्या.

नातवाने हो म्हटले की नाही, मला ऐकू आले नाही. तो उठून पडवीत गेला. तिथे डब्याचा पत्रा, काठी आणि बॅटरी तयार ठेवली होती. रात्रीच्या जागलीला आज त्याची पाळी होती. मला चंद्रपूरची शेवटची गाडी गाठायची होती. फाट्यावर उभा होतो तेव्हा कोळशाचे ट्रक जातच होते, आणि दोन ट्रकांच्या मध्ये जरा शांत झाले की नदीकडच्या अंधारातून पत्रा वाजवल्याचा आवाज येत होता.