पत्र्यावरचा दगड

घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो जागृतीनगर सोडून असल्फ्याकडे वळली की डोंगर अगदी खिडकीशी येतो. रंगवलेल्या भिंती पाहायला लोक मोबाइल काढतात. माझी नजर मात्र छपरांवर जाते. निळी ताडपत्री, तिच्यावर जुने टायर, विटा, दगड. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेलं हे वजन. मी या डोंगरावरच वाढलो. तीस वर्षं झाली, पत्र्याचं आणि लोखंडाचं काम करतोय. त्यातली सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा दुसऱ्याच्या छपरावर दगड मांडून, हात झटकून खाली उतरत होतो.

१२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझाद नगरावर दरड कोसळली. साठाहून जास्त माणसं गेली. आमची चाळ तिथून लांब होती, पण त्या पावसानं आजूबाजूच्या घरांचीही दैना केली होती. पुढचे तीन-चार रविवार आम्ही पोरांनी मिळून शेजारपाजारचे पत्रे बसवून दिले. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. माझं ते पहिलं बिनमजुरीचं काम. त्यातल्याच एका छपरावरचा दगड पुढच्या पावसाळ्यात घरंगळून खालच्या घराच्या मोरीत पडला. त्या वेळी मोरीत कोणी नव्हतं, एवढंच. तो दगड मी ठेवलेला होता. ती रात्र मी जागून काढली.

तेव्हा ज्या मिस्त्रींच्या हाताखाली होतो, त्यांनी मला एक पत्रा उचलायला लावला आणि वारा सुटलेला असताना गच्चीवर उभं केलं. पत्रा मला घेऊन मागं सरकला नाही, वर निघाला. ते म्हणाले, "आता कळलं? वारा पत्र्याला दाबत नाही, उपसतो." वरून वाहणारा वारा छपराला खेचतो आणि दारा-खिडकीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. सगळ्यांत जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला. तिथं दगडाचं काही चालत नाही. छप्पर धरून ठेवायचं तर ते खालून बांधावं लागतं. पत्रा पाइपला, पाइप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जोत्याला. या साखळीतली एक गाठ जरी सैल राहिली, तरी वारा तीच शोधून काढतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. माझं मूळ गाव श्रीवर्धन तालुक्यातलं. घाटकोपर, भांडुप, जोगेश्वरीत आमच्यासारख्या कितीतरी गावांची मुंबई मंडळं आहेत. वर्गणी काढायची, पालखीला जायचं, शाळेला बाकं द्यायची, एवढंच काम असतं त्यांचं. टाळेबंदी असल्यानं त्या आठवड्यात आमच्या मंडळानं फोनवरच सभा घेतली. घरात बसून पगार अर्धा झालेल्या माणसांनीही वर्गणी दिली. ई-पास काढले, पत्रे, पाइप आणि बोल्टांच्या पिशव्या टेंपोत भरल्या आणि आम्ही अकरा जण निघालो. अकरात पत्र्याचं काम येणारे दोघंच. बाकी मुलुंडचा एक बँकेतला, बोरिवलीचा एक रिक्षावाला, अंधेरीला कॉल सेंटरला असणारी दोन पोरं असे सगळे.

गावाला करोनाची भीती होती आणि ती रास्त होती. आम्ही शाळेत राहिलो, जेवण वेगळं केलं, घरमालकांशी लांबून बोललो. त्यावर जास्त लिहीत नाही.

पाहिलं ते मात्र सांगायला हवं. पोफळी आडव्या झाल्या होत्या, वीज नव्हती. जुन्या कौलारू घरांची कौलं उडाली, पण वासे बऱ्याच ठिकाणी जागेवर होते. कौलांच्या फटींतून वाऱ्याला वाट मिळते. पत्र्याची छपरं गेली ती रिपांसकट, कुठं कुठं वाशांसकट. खिळे लाकडातून सरळ उपटून आले होते. आणि जिथं तिथं अंगणात दगड पडलेले, पत्र्यांवर ठेवलेले.

पहिलं घर एका आजींचं. पाऊस कधीही धरेल असं आभाळ. त्या अंगणाच्या कडेला पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरांनो, आधी देवघरावरचं घाला." माझ्या कामाच्या रीतीत हे बसत नव्हतं. पावसाचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणून पत्रा घालायचा तो उलट्या टोकाकडून आणि खालच्या कडेपासून, म्हणजे एकावर एक चढलेल्या पत्र्यांचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. देवघर होतं मधोमध. मी दोन पोरांना ताडपत्री घेऊन वर चढवलं, आधी देव झाकले आणि मग ईशान्येच्या कोपऱ्यातून कामाला लागलो. आजी ओटीवर जाऊन बसल्या. घर त्यांचं आहे, आपण वारा ओळखणारे पाहुणे, हे तिथं मला नीट समजलं.

त्यांचा मुलगा साकीनाक्याच्या एका गाळ्यात कामाला होता, टाळेबंदीत गावी अडकलेला. त्याला मी पाना दिला. भोक पाडायचं ते पन्हळीच्या माथ्यावर, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. बाजूचा पत्रा दीड पन्हळ चढवायचा, वरचा खालच्यावर सहा इंच. 'जे' आकाराच्या बोल्टचा आकडा पाइपाखाली नीट अडकवायचा, वर वॉशर आणि नट. वॉशर बसेपर्यंत पिळायचं, चेपेपर्यंत नाही. कडेच्या पत्र्याला एक पन्हळ सोडून बोल्ट, मधे दोन सोडल्या तरी चालतात. पहिल्या दिवशी त्यानं तीन वॉशर फोडले. चौथ्या घरावर तो एकटा वर होता आणि बँकेतल्या साहेबांना खालून पाइप द्यायला सांगत होता.

त्याला बघून मला एक जुनी बातमी आठवली. लोणावळ्याजवळ मळवलीच्या बाजूला पाटण गावात २००६ साली 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेनं शंभर घरांचं काम केलं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर तिथं स्वतः राबले, वय ८२. पेपरात फोटो त्यांचेच आले. मला त्या संस्थेची दुसरी रीत जास्त महत्त्वाची वाटते. घर ज्याचं, त्यानंही बांधकामाला हात लावायचा. माझ्या मते मदतीची पारख इथंच होते. आपण परतल्यावर गावात पाना धरणारा हात मागं राहिला का, ते बघावं.

आम्ही चौदा घरं केली. माझ्या धंद्यात काम संपलं की गिऱ्हाईक पैसे मोजतं आणि मी घरी जातो. तिथं काम संपल्यावर आम्ही आजींच्या घराच्या पडवीत थांबलो, कारण पाऊस आला होता. पत्र्यावर पावसाचा ताशा सुरू झाला. आत कोणी काही बोलेना. सगळे मान वर करून सांधे बघत होते. मी आढ्याखालचा एक सांधा धरून बसलो होतो, तिथं मला शंका होती. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. थेंब नाही. त्या पंधरा मिनिटांइतका आनंद मला कुठल्याही मजुरीनं दिलेला नाही. बोरिवलीचा रिक्षावाला रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

पुढच्या वर्षी १७ मे ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. आमच्या डोंगरावर त्या दुपारी दगड, टायर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या उडत होत्या. मी गावी फोन लावत राहिलो. रेंज दुसऱ्या दिवशी आली. आजींच्या मुलानंच उचलला. म्हणाला, "आपलं छप्पर जागेवर आहे. शेजारच्यांचं गेल्या रविवारी मीच बांधून दिलं होतं, तेही आहे."

असल्फा असो, मुलुंडची डोंगरवस्ती असो, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या किंवा बिल्डिंगच्या वॉचमनच्या पत्र्यावर आत्ता दगड असतील. मे महिन्यातला एक रविवार काढा. काम येणारा एक माणूस, दोन पाने, 'जे' बोल्ट, वॉशर आणि तार एवढं पुरतं. वर चढताना घरमालकाला सोबत घ्या. आणि उतरताना ते दगड खाली आणा.