कृष्णेचे तीन संगम

नित्य स्नानाच्या वेळीं आपल्या घराघरांतून ज्या श्लोकानें नद्यांना पाचारण केलें जातें, त्यांत गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधु व कावेरी अशा सात नद्यांचीं नांवें आहेत, कृष्णेचें नाहीं. सातारा-सांगलीकडील माणसाला ही गोष्ट थोडी सलतेच. मी संस्कृत शिकवीत असतांना वर्गांतील एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, मग आपल्या नदीचें काय?" त्याला मी कन्यागताची गोष्ट सांगत असें. दर बारा वर्षांनीं गुरु कन्या राशीस आला म्हणजे स्वतः गंगाच कृष्णेच्या भेटीस येते, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे; असें कन्यागत २०१६ सालीं येऊन गेलें. जिच्याकडे गंगा चालून येते तिला निराळें आमंत्रण कशाला, या उत्तरानें मुलांचें समाधान होई. माझ्या मनांत मात्र येई कीं, जिच्या कांठीं आपलें आयुष्य गेलें ती नदी उगमापासून सांगलीपर्यंत एकदां तरी सलग पाहावी. गेल्या आश्विनांत तो योग आला.

आम्ही चौघे निघालों. एक पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले अभियंता, एक वैद्य, एक बँकेंत हयात घालविलेले स्नेही आणि प्रस्तुत लेखक. चौघांचीं वयें साठीच्या पलीकडचीं. त्यामुळें सामानांत कपड्यांपेक्षां औषधेंच अधिक होतीं. मोटार भाड्याची व चालक विशीबाविशीचा तरुण. त्याचा सारा विश्वास फोनवरील नकाशावर, आणि आमचा आमच्या आठवणींवर. तरीहि चार दिवसांत वाट एकदांहि चुकली नाहीं, याचें श्रेय कोणाचें हा वाद अजून मिटलेला नाहीं.

पहिल्या दिवशीं साताऱ्याहून मेढ्याच्या वाटेनें वेण्णेच्या खोऱ्यांतून चढत आम्ही क्षेत्र महाबळेश्वरास गेलों. पंचगंगेच्या मंदिरांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री या पांच नद्यांचे उगम मानलेले आहेत, आणि त्यांचें पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखांतून पडतें. वाचकहो, या स्थळाचें नवल केवळ श्रद्धेचें नाहीं, भूगोलाचेंहि आहे. सावित्री कडा उतरून कोंकणांत जाते व पश्चिम समुद्रास मिळते. कृष्णा वाईकडे उतरते आणि सुमारें चौदाशें किलोमीटर चालून आंध्रांत पूर्व समुद्र गांठते. वेण्णा साताऱ्याकडे वळते. कोयना सर्वांत हट्टी. ती सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सरळ दक्षिणेची वाट धरते. एका आईच्या लेकी लग्न होऊन चार दिशांना जाव्या, तसा हा प्रकार आहे. त्यांतील दोघी पुढें कृष्णेला भेटतात, एक कायमची दुरावते.

पसरणीचा घाट उतरून वाईस ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळें प्राज्ञपाठशाळा व मराठी विश्वकोश यांचें नांव या गांवाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसून त्या ज्ञानयज्ञाचें स्मरण केलें आणि सायंकाळीं माहुली गांठली.

हा पहिला संगम. येथें वेण्णा कृष्णेस मिळते. दोन्ही तीरांवर काळ्या दगडाचीं देखणीं देवळें आहेत. जुन्या ग्रंथांतून कृष्णेला 'कृष्णवेण्णा' असें म्हटलेलें आढळतें, म्हणजे धाकटीचें नांव थोरलीनें आपल्या नांवांत घेतलें. छत्रपति शाहू महाराजांची समाधि याच परिसरांत आहे, आणि राघोबादादांसारख्या सत्ताधाऱ्यास तोंडावर दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणे हे याच माहुलीचे. सूर्य मावळत होता व पाण्यावर शेंदरी रंग पसरला होता. आमचे वैद्य, जे सहसा काव्याच्या वाटेस जात नाहींत, तेहि बराच वेळ मुग्ध बसले होते.

दुसऱ्या दिवशीं कोयनेच्या खोऱ्याकडे मोर्चा वळविला. यवतेश्वराचा घाट चढून सुमारें पंचवीस किलोमीटर गेलें कीं कासचें पठार लागतें. समुद्रसपाटीपासून बाराशें मीटर उंचीवरचा हा जांभ्या दगडाचा सडा. उन्हाळ्यांत पाहिला तर येथें गवताची काडीहि उगवेल असें वाटत नाहीं. खडकावर मातीचा थर इतका पातळ कीं मोठें झाड मूळ धरूं शकत नाहीं; आणि नेमक्या याच दारिद्र्यामुळें लहान फुलांचें तेथें राज्य झालें आहे. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, पिवळा कवला आणि निळसर जांभळीं 'सीतेचीं आसवें' यांचे गालिचे दूरवर पसरले होते. हीं आसवें दिसावयास नाजूक. पण त्यांची वनस्पति पाण्यांतील सूक्ष्म जीव पकडून त्यांवर जगते, असें वैद्यांनीं सांगितलें तेव्हां आमचें काव्य किंचित् ओसरलें. फुलणाऱ्या वनस्पतींच्या सुमारें ८५० जाति या पठारावर नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर कासचा जागतिक वारशांत समावेश झाला. तेव्हांपासून गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर फुलांत लोळून छायाचित्रें काढून घेणारी मंडळीहि वाढली. त्यांच्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. वर्षभर तप करून चार आठवडे फुलणाऱ्या जिवाला पायदळीं तुडवूं नये, हें सुज्ञांस सांगावें लागत नाहीं.

कासवरून खालीं उतरलें कीं बामणोली. येथें रस्ता संपतो आणि शिवसागर जलाशय सुरू होतो. समोर निळें, स्थिर, अफाट पाणी. पलीकडे वासोट्याच्या बाजूचें दाट अरण्य. यंत्रावर चालणारी होडी ठरवून आम्ही पाण्यावर निघालों. हवा शीतल होती, डोंगरांचीं प्रतिबिंबें पाण्यांत थरथरत होतीं, आणि एक घार आमच्यावर गोल फिरत होती. अभियंता व वैद्य दोघेहि "स्वर्ग, स्वर्ग" म्हणत होते. बँकवाले स्नेही मात्र होडीच्या कडेला हात टेकून पाण्याकडे पाहत गप्प बसले होते. शेवटीं ते मला म्हणाले, "मास्तर, आमचें घर इथेंच कुठेंतरी खालीं आहे."

पंचवीस वर्षांचा आमचा स्नेह. पण ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. त्यांचें गांव कोयनेच्या कांठीं होतें. धरणाचें पाणी चढूं लागलें तेव्हां ते तीन-चार वर्षांचे होते. घरच्यांनीं दाराच्या चौकटी उपटून बैलगाडींत घातल्या, ग्रामदेवतेचा तांदळा फडक्यांत बांधला आणि सांगली जिल्ह्यांतील माळावर मिळालेल्या जमिनीवर नवें घर मांडलें. त्यांना स्वतःला यांतलें कांहींच आठवत नाहीं. जें ठाऊक आहे तें आईच्या तोंडून. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे कोठें कोठें जुनीं जोतीं वर येतात, असें ते म्हणाले. "एकदां आईला दाखवायला आणलें होतें. ती म्हणाली, झाकलेलें होतें तेंच बरें होतें." चालकानें फोनवरचा नकाशा काढून त्यांचें गांव शोधण्याचा प्रयत्न केला. तेथें केवळ निळा रंग होता.

त्या पाण्यापलीकडील अरण्य आज कोयना अभयारण्य म्हणून ओळखलें जातें. १९८५ सालीं तें घोषित झालें, आणि २०१० सालीं दक्षिणेकडील चांदोली राष्ट्रीय उद्यानासह त्याचा सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोलीच्या रानांतूनहि गांवें उठवावीं लागलीं. वाघाला निवांत रान हवें हें खरें. परंतु आपण ज्या वनश्रीचें कौतुक करतों, तिच्या निवांतपणांत कोणाची तरी विझलेली चूल आहे, हें त्या दिवशीं प्रथमच डोळ्यांपुढें उभें राहिलें.

तिसऱ्या दिवशीं उंब्रज, मल्हारपेठ, पाटण करीत कोयनानगरास गेलों. आतां बोलण्याची पाळी अभियंत्यांची होती. १०३ मीटर उंचीचें हें धरण १९६४ सालीं पुरें झालें. जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांतील बराच भाग, लवादाच्या मर्यादेप्रमाणें वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेस नेऊन त्याच्यावर वीज निर्माण केली जाते आणि मग तें पाणी वाशिष्ठींतून कोंकणांत जातें. साऱ्या टप्प्यांची क्षमता सुमारें १९६० मेगावॅट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथें भीषण भूकंप झाला, पावणेदोनशेंच्या आसपास माणसें दगावलीं. धरण मात्र टिकून राहिलें. जलाशयांतील पाण्यामुळें भूकंप होतो कीं काय, या प्रश्नाच्या अभ्यासांत तेव्हांपासून कोयनेचें नांव जगभर घेतलें जातें.

"या विजेनें महाराष्ट्राचे कारखाने उभे केले," असें अभियंता अभिमानानें म्हणाले, आणि लगेच कालची आठवण होऊन थांबले. स्नेही शांतपणें म्हणाले, "साहेब, माझा मुलगा अशाच एका कारखान्यांत नोकरीस आहे. मी धरणाला नांवें ठेवीत नाहीं. जन्मभर खतावण्या लिहिल्या, म्हणून एवढेंच म्हणतों कीं, जमेच्या बाजूला वीज लिहितां तशीं आमचीं गांवें खर्चाच्या बाजूला लिहावीं. रकाना कोरा सोडूं नये." यावर अभियंत्यांनीं उत्तर दिलें नाहीं. मात्र मोटारींत बसतांना आपली पुढची जागा त्यांनीं आग्रहानें स्नेह्यांस दिली, आणि खिशांतील टिपणवहींत त्यांच्या गांवाचें नांव लिहून घेतलें.

तिन्हीसांजेस कराड आलें. महाभारतांतील सहदेवाच्या दिग्विजयांत ज्या करहाटकाचा उल्लेख आहे, तेंच हें नगर. येथील दुसरा संगम पाहण्यासारखा आहे. इतर ठिकाणीं उपनदी तिरकी येऊन मिळते. येथें कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन एकमेकींच्या गळ्यांत पडतात आणि मग दोघी काटकोनांत वळून पूर्वेस जातात. म्हणूनच लोक याला प्रीतिसंगम म्हणतात. महाबळेश्वरीं ताटातूट झालेल्या बहिणींची ही भेट आहे. यशवंतराव चव्हाणांची समाधि येथेंच आहे. त्यांनीं आपल्या आत्मचरित्राला 'कृष्णाकांठ' हें नांव दिलें, यांत या मातीचा सगळा जिव्हाळा आला.

स्नेह्यांची आई दरवर्षी येथें येऊन कोयनेची ओटी भरीत असे. गांव उरलें नाहीं, पण गांवावरून आलेलें पाणी येथवर येतें, असा तिचा हिशेब. निम्म्याहून अधिक पाणी डोंगरापलीकडे जातें हें तिला कोणी सांगितलें नाहीं, आणि सांगितलें असतें तरी तिनें ओटी निम्मी केली नसती. आई गेल्यापासून हा नेम राहिला होता. त्या संध्याकाळीं वैद्यांनीं नारळ आणला, अभियंत्यांनीं खण, आणि आम्ही चौघांनीं मिळून ओटी पाण्यांत सोडली. कोणी कांहीं बोललें नाहीं.

चौथ्या दिवशीं सांगली जिल्ह्यांत शिरलों आणि देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर पाहिलें. यशवंतरावांचा जन्म १९१३ सालीं देवराष्ट्र्यासच झाला. प्राचीन शिवमंदिरांचा समूह व भोंवतीं अभयारण्य, असें हें स्थान. हें अभयारण्य निसर्गदत्त नाहीं. तोड आणि चराई यांनीं हे डोंगर उघडे बोडके झाले होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं ध्यास घेतला. माणसांनीं झाडें लावलीं, जगविलीं, हरणें आणून सोडलीं, आणि १९८५ सालीं, म्हणजे कोयनेच्याच वर्षीं, त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघें अकरा चौरस किलोमीटरांच्या आंतलें; पण टेकडीवरून खालचें कृष्णाकांठचें हिरवें शिवार आणि वर चरणारीं चितळें पाहिलीं म्हणजे ऊर भरून येतो. कोयनेकांठीं माणूस उठला म्हणून रान वाढलें. येथें माणूस राबला म्हणून रान उभें राहिलें. त्यागाचें मोल ज्यांना द्यावें लागलें ते आणि श्रमाचें मोल ज्यांनीं आपखुषीनें दिलें ते, दोघांचेंहि ऋण प्रवाशावर आहे.

औदुंबरास दत्तदर्शन घेऊन सांगलींत आलों आणि तेथून हरिपुरास. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल या गांवचे. येथें संगमेश्वराच्या देवळाखालीं वारणा कृष्णेस मिळते. ती चांदोलीच्या रानांतून येते, म्हणजे तिच्याहि पाण्यांत सोडलेल्या गांवांच्या आठवणी आहेत. हरिपूर हळदीच्या पेवांबद्दल प्रसिद्ध होतें. जमिनींत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षें कीड न लागतां राही. २००५ च्या महापुरांत पाणी पेवांत शिरलें व फार नुकसान झालें. २०१९ सालीं पुन्हां सांगली जलमय झाली. वरचीं तिन्ही खोरीं एकदम भरलीं म्हणजे तें सारें पाणी येथें येतें. वर कोणाचें गांव नेहमींसाठीं पाण्याखालीं जातें, खालीं कोणाचें चार दिवसांसाठीं; कृष्णाकांठीं राहणाऱ्यानें एकमेकांचें दुःख परकें मानूं नये, असेंच जणूं हा तिसरा संगम सांगतो.

ज्यांना सवड व स्वास्थ्य आहे त्यांनीं भाद्रपद-आश्विनांत हा प्रवास अवश्य करावा. चार दिवस पुरतात, खर्च बेताचा येतो आणि नेत्रांचें पारणें फिटतें. मुलांनाहि बरोबर न्यावें, म्हणजे कागदावरचा नकाशा त्यांना पायांखालीं दिसेल. निळ्या रंगाखालीं काय आहे, हिरव्या रंगामागें कोणाचे हात आहेत, एवढें मात्र त्यांना आवर्जून सांगावें. श्लोकांत कृष्णेचें नांव नसलें तरी चालेल. स्नानाचा तांब्या उचलतांना आपण तें आठवावें, आणि त्याबरोबर तिला पाणी देणाऱ्या खोऱ्यांतून जीं गांवें उठलीं, त्यांचींहि नांवें घ्यावीं.