धोट्याचा डोळा

भिवंडीत कुजबुजता येत नाही. कुठल्या ना कुठल्या भिंतीपलीकडे लूम चालूच असतात आणि त्या खटखटीत वाढलेली माणसं ताटावर बसूनही मीठ ओरडूनच मागतात. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होते, आणि त्या शांततेत आपलाच आवाज किती मोठा आहे हे कळून माणूस ओशाळतो. माझे बाबा चाळीस वर्षं एका कारखान्याचा हिशेब लिहीत होते. लूमपासून दहा पावलांवर त्यांचं टेबल. निवृत्त झाले तेव्हा हाताला अक्षर तसंच मोत्यासारखं होतं, कान मात्र गेले होते.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकांचं घर. नात्याने नव्हे, शेजाराने काका. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. तो मिटण्याची वाट पाहून पाहून काका परळहून बायको-मुलीला घेऊन इथे आले. गिरण्यांनी मोडीत काढलेली लूमही तेव्हा भिवंडीत येत होती. आज वाटतं, माणसं आणि यंत्रं एकाच रस्त्याने आली. काका परळला सूतकताईच्या खात्यात होते, त्यांचे वडीलही त्याच खात्यात. विणकाम त्यांना इथे आल्यावर शिकायला मिळालं.

शाळेतून येताना मी कारखान्याच्या दाराशी थांबत असे. आत तेलकट उजेड, कापसाचा भुगा केसांवर, भुवयांवर बसलेला. मला आवडायचा तो धोटा. एका कडेहून दुसऱ्या कडेला सुसाट जाणारा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी चोच असलेला. त्यातली कांडी संपली की कारागीर लूम थांबवी, नवी कांडी बसवी आणि धोटा ओठांशी नेई. धोट्याच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. त्या डोळ्यावर ओठ टेकवून एक श्वास आत ओढायचा, की सूत बाहेर येतं. दिवसातून कितीतरी वेळा. संध्याकाळी पाळी बदलली की रात्रपाळीचा माणूस तोच धोटा उचली आणि त्याच डोळ्याला तोंड लावी.

या एका श्वासापायी मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्याची दारं बंद होती. सूत तोंडाने ओढायचं म्हणजे एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, आणि सोबतच्या कामगारांनाच ते चालत नव्हतं. विणकाम खात्यात पगार जास्त. साफसफाई आणि सूतकताईची कमी पगाराची खाती मात्र मोकळी. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा तो मागण्यांमध्ये घ्यायलाही ते सहजी तयार नव्हते. मालकांशी एकजुटीने लढणाऱ्या माणसांची एकजूट धोट्याच्या डोळ्यापाशी येऊन अडत होती.

काका म्हणत, "आमच्या बाबांनी तीस वर्षं गिरणीत काढली, पण विणकाम खात्याचा उंबरा काही ओलांडला नाही." आणि मग सांगत, भिवंडीतला त्यांचा उस्ताद आजमगढचा होता, त्याने पहिल्या दिवशी आपल्या हातातला धोटा त्यांच्या हातात दिला. ओठांवरून पुसलाही नव्हता. एवढं सांगून काका थांबत. त्या थांबण्याचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

याचा अर्थ भिवंडीत काम मागणाऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं असा नाही. "कुठला?" हा पहिला प्रश्न, "कुणाच्या ओळखीचा?" हा दुसरा. काम येतं का, हे तिसऱ्या नंबरावर. एका कारखान्यात एकाच जिल्ह्याची माणसं, एका खाणावळीत एकाच तालुक्याची. पद्मानगरात तेलुगू, पलीकडे मोमीन, अन्सारी, आणि शहराबाहेर ज्यांच्या जमिनींवर पुढे गोदामं उभी राहिली ती आगरी माणसं. ज्याचा माणूस आत, त्यालाच आत घ्यायचं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला नाव द्यावं असंही कुणाला वाटलं नाही.

मंडल आयोगाच्या दिवसांत, आरक्षणावरून देश पेटलेला असताना, दादाने आणि काकांच्या मुलीने, माझ्या ताईने, एकाच सरकारी कारकुनीची परीक्षा दिली. दादा चार गुणांनी राहिला. त्याच्याहून कमी गुणांची ताई राखीव जागेवर लागली. ताईच्या घरी पेढे आणि आमच्या घरात चूल पेटलेली नाही, अशी ती संध्याकाळ. दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. "माझी जागा गेली," एवढंच म्हणाला. बाबा कितीतरी दिवस काकांशी बोलले नाहीत. ताईने आणून दिलेले पेढे आईने डब्यात ठेवले, ते तसेच खराब झाले.

दादाचं दुःख खोटं नव्हतं. त्याने खरोखर रात्री जागवल्या होत्या. तीच भिंत, तीच खटखट, तोच चाळीस वॉटचा दिवा आमच्याकडे आणि ताईकडे. मग तिला सूट का, हा प्रश्न मी सतरा वर्षांची असताना मलाही पडला, आणि तो पडणं चुकीचं होतं असं मी आज म्हणणार नाही. गरिबी आम्हाला सारखीच वाटून आली होती.

पण तीन महिन्यांत दादा वाहतुकीच्या धंद्यात नोकरीला लागला. बाबांच्या मालकाने कुणाला तरी एक शब्द टाकला होता. परीक्षा नाही, गुण नाहीत, जाहिरात नाही. बाबांची स्वतःची नोकरीही तशीच, त्यांच्या मामांनी बोट धरून नेऊन बसवलं होतं. काकांना असा शब्द टाकायला कुठल्याच कचेरीत कुणी नव्हतं. त्यांच्या आधीच्या पिढ्यांमधलं कुणी टेबलामागे बसलेलंच नव्हतं. ताईची ती एक जागा हुकली असती तर दुसरं दार कुठलं होतं? भिंत सारखी होती. भिंतीपलीकडे कोण ओळखीचं आहे, ते सारखं नव्हतं.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांना द्यायचा हुकूम काढला, तेव्हाही अन्यायाची ओरड झालीच. त्याआधी, 1894 मध्ये ते गादीवर आले त्या वेळी, दरबारच्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 एकाच जातीचे होते. तो 60 चा आकडा कुठल्याही हुकुमाने ठरवलेला नव्हता. मामाने भाच्याला, भाच्याने मेव्हण्याला आणत आणत तो झाला होता. त्याला राखीव जागा म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. महाराजांनी आकडा कागदावर मांडला, म्हणून तो डोळ्यांत खुपला.

हे सगळं मला पुस्तकातून पटलं असतं की नाही, कोण जाणे. पटलं ते माझ्याच हातामुळे.

काही वर्षांपूर्वी मानकोलीच्या बाजूला एका गोदामात माणसं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. माल मोजून लिहायला बारा जण हवे होते, अर्ज दोनशेच्या वर आले होते. वरून निरोप एवढाच, "ओळखीची बघून घ्या." संध्याकाळी टेबलावर दोन गठ्ठे झाले होते. डाव्या गठ्ठ्यातली नावं वाचली आणि माझा हात थंड पडला. अन्सारी, शेख, मोमीन. कांबळे. वाघे, मुकणे. त्यातल्या एकाचंही शिक्षण मी वाचलं नव्हतं. आडनाव दिसलं, पत्ता दिसला आणि हात डावीकडे गेला. डाव्या गठ्ठ्यात बी.कॉम. झालेला एक मुलगा होता, उजव्यात दहावी नापास. मला कुणाचा द्वेष वाटत नव्हता. मी मन लावून, थकून, प्रामाणिकपणे काम करत होते.

2007 मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले, लायकी सारखी, फक्त नावं वेगळी. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या दोनतृतीयांश भरली, मुसलमान नावाची एकतृतीयांश. मी तो अभ्यास वाचला तेव्हा मला माझं टेबल दिसलं.

जुलाहा, मोमीन ही नावं महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. डाव्या गठ्ठ्यातल्या एखाद्याजवळ तसा दाखलाही असेल. पण राज्यघटनेच्या 16 (4) या कलमाचा हात सरकारी कचेरीच्या दारापर्यंतच पोचतो, आणि भिवंडीची पोटं भरतात ती कारखान्यांत आणि गोदामांत. जिथे खरी भरती होते तिथे यादी नाही, आहे ती ओळख. म्हणून आरक्षण हा भेदभाव आहे असं कुणी म्हणालं की मला तो डावा गठ्ठा आठवतो. भेदभाव त्या संध्याकाळी मी केला होता. ताईला जागा देणाऱ्या नियमाने माझ्यासारखीचा हात धरला होता, एवढंच. तो खासगी नोकरीतही धरला जावा असं मला मनापासून वाटतं. आमच्यासारख्या घरात एखादा मुलगा असा असतो, ज्याच्या बापाचा मालकही कुणाला शब्द टाकत नाही. 2019 मध्ये आलेली 10 टक्क्यांची तरतूद त्याच्यासाठी असेल तर मला तिचंही वावडं नाही. फक्त त्याने ताईकडे बोट दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गठ्ठे एकत्र केले आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. बारापैकी पाच जण आधीच्या डाव्या गठ्ठ्यातले निघाले. वरून विचारणा झाली. मी गुणपत्रिका दाखवल्या. पुढच्या भरतीला ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं.

काका गेले त्याला नऊ वर्षं झाली. परवा रविवारी ताई काकूंकडे आली होती, पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. बाबांशी बोलता बोलता विषय दादाच्या त्या परीक्षेवर आला. या घरात तो अजून येतो. मी बाबांना विचारलं, तुम्हाला नोकरीला लावताना मामांनी किती गुण विचारले होते? बाबा बराच वेळ बोटांवरची जुनी शाई शोधत असल्यासारखे हात बघत राहिले.

"म्हणजे दादाचं चुकलं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. पण ती जागा त्याची नव्हती."

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीतली सगळी लूम थांबली. मी तेच वाक्य पुन्हा, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. भिंतीपलीकडचा नळ बंद झाला.